वाजवून घेतलेली खोकी

एप्रिलचं ऊन तापायला लागलं की भोकरदनच्या बसस्टँडपाशी माठ येतात. ट्रॉलीत वाळल्या गवतावर उपडे बसून येतात आणि रस्त्याच्या कडेला मांडले जातात, लाल वेगळे, काळे वेगळे. मग ते वाजवणं सुरू होतं. येणारा-जाणारा थांबतो, मधलं बोट वाकवतो आणि माठावर मारतो. टण्. टण्. ठणण्. ज्याला माठ घ्यायचा नसतो तोसुद्धा दोन-चार वाजवून जातो. फुकटचं आहे ना, मग कोण सोडणार! जालन्याच्या बसची वाट पाहणारी माणसंही तेच करतात आणि बस आली की पळतात.

हा आवाज मला सोसत नाही. शाळेतून घरी यायला तो रस्ता जवळचा, पण माठ आले की मी मागच्या गल्लीनं जाते. आमच्या शाळेतल्या एक बाई विचारत होत्या, "ताई, माठानं तुमचं काय घोडं मारलंय?" मी म्हणाले, "माठानं काही नाही, ऊन लागतं त्या बाजूनं." आता चारचौघींत उभं राहून काय सांगायचं? की चांगला माठ ओळखण्याच्या आमच्या शहाणपणानं माझ्या बापाचा घात केला, असं?

माझे वडील, आबा, माठाचे परीक्षक होते. नेमलेले नव्हते, पण मानलेले. धावड्याकडच्या आमच्या गावात कुणालाही माठ घ्यायचा असला की बाजाराला आबांना सोबत न्यायचं, अशी रीतच पडून गेली होती. आबा डाव्या हाताच्या बोटांवर माठाची कड तोलून धरायचे, कान जरा जवळ न्यायचे आणि उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून एकदाच वाजवायचे. "घे," म्हणायचे. नाहीतर, "बद्द वाजतो, ठेव खाली." विकणाऱ्यानं कितीही शपथा खाल्ल्या तरी आबा दुसऱ्यांदा वाजवायचे नाहीत. खणखणीत वाजलं ते खरं, बद्द वाजलं त्यात कुठंतरी तडा. माठाचंही तेच, नाण्याचंही तेच आणि माणसाच्या गळ्याचंही तेच, असं त्यांचं साधं गणित होतं. आमच्या सगळ्यांचंच होतं.

गळ्याचं म्हणायचा त्यांना हक्क होता, कारण आबा गाणारे. त्यांची गायन पार्टी होती. स्वतः आबा पेटीवर, एक ढोलकीवाला, मागं झील धरायला दोघं. जयंतीच्या दिवसांत घरी पाऊल ठरायचं नाही. आज धावडा, उद्या राजूरकडचं एखादं खेडं, परवा जालन्याची वस्ती. बाबासाहेबांची गाणी दुसऱ्यांचीही म्हणायचे, पण लोक थांबायचे ते आबांनी स्वतः रचलेल्या गाण्यांसाठी. त्यातलं एक सगळ्यांना पाठ होतं. ‘पाण्याला नव्हती जात, जात होती घागरीला.’ ही ओळ म्हणताना आबा ‘घागरीला’पाशी आवाज एकदम खाली आणायचे, शेजारच्या माणसाशी बोलल्यासारखा. भर मांडवात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता व्हायची. बाया पदर डोळ्याला लावायच्या. मी लहान होते, मला वाटायचं माझा बाप या लोकांना रडवतो तरी लोक त्याला परत परत कशाला बोलावतात!

मग डीजे आले आणि बोलावणं बंद झालं. कुणी भांडलं नाही, कुणी अपमान केला नाही, नुसतं बोलवायचं थांबले. आणि त्यातला एक डीजे आमच्याच घरातला. माझा धाकटा भाऊ मिलिंद. पिकअप गाडी, तिच्यावर रचलेल्या डब्यांच्या भिंती, वर फिरणारे दिवे. "ताई, आवाज छातीत बसला पाह्यजे," हे त्याचं शास्त्र. मी म्हणायचे, "आवाज कानात बसतो रे, छातीत दमा बसतो." तो हसायचा. आबा मात्र त्याला कधी बोलले नाहीत. पोरगं पोट भरून राह्यलं, इतकंच म्हणायचे.

त्यानंतर आबांच्या घशाला गाठ झाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याच्या खाली श्वासाला एक भोक राहिलं, त्यावर माय पांढऱ्या मलमलीचा तुकडा बांधायची. सगळा जन्म ज्या गळ्यावर काढला तो गळाच काढून घेतला. आम्ही देवबिव मानत नाही, नाहीतर त्याला गाठून मी चांगलं सुनावलं असतं. कुणाला सुनावावं तेही नाही, हा एक वेगळाच जाच आहे.

दवाखान्याच्या फेऱ्यांना बरं म्हणून आबा आणि माय माझ्याकडं भोकरदनला राहायला आले. मी माझ्या शाळेतली पाटी आणून दिली. आबा पाटीवर लिहायचे, आपण वाचलं की लगेच पुसायचे. बोललेलं हवेत विरतं तसं लिहिलेलंही ठेवायचं नाही, असा त्यांचा हट्ट. आणि हाक मारायची असली की बोट. बाजेच्या लाकडावर एकदा टक्, म्हणजे पाणी. दोनदा, म्हणजे माय कुठं गेली. भराभरा वाजवलं म्हणजे राग आलाय. ज्या बोटानं जन्मभर माठ पारखले तेच आता त्यांचं तोंड झालं. घरात त्या बोटाचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती, आणि पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

मी सांगतेय ती ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्याची गोष्ट. त्या वर्षी ऊन नेहमीपेक्षा लवकर चढलं. शाळा सकाळच्या झाल्या होत्या. दुपारी घरी यायचे तेव्हा माय ओला टॉवेल खिडकीला लावून बसलेली असायची, आबा बाजेवर, आणि कोपऱ्यात तिवईवर त्यांनीच वाजवून आणलेला काळा माठ. ओल्या मातीचा, वाळ्याचा वास खोलीभर. आबा मोबाईल कानाशी धरून बसायचे.

मोबाईलमध्ये त्यांचीच गाणी होती. गावाकडं असताना त्यांनी टेपवर एकदा घरीच गाणी भरून ठेवली होती, जयंतीच्या तालमीची. ती कॅसेट मिलिंदनं जालन्याहून पेन ड्राइव्हवर करून आणली. काम चांगलंच केलं, त्याबद्दल मी त्याला नावं ठेवत नाही. पण मोबाईलच्या त्या टिकलीएवढ्या छिद्रातून आबांचा आवाज कसा येणार? डबीत कोंडलेला भुंगा वाटायचा. आबा ऐकायचे, मान हलवायचे आणि पाटीवर लिहायचे, ‘हा मी न्हाई.’ एका दुपारी त्यांनी आणखी लिहिलं. ‘एकदा नीट ऐकायचंय. मी कसा होतो.’

माणसाला आपला आवाज बाहेरून कधी ऐकू येत नाही. गाताना त्याला ऐकू येतं ते हाडातून, डोक्यातून. आबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर आपला आवाज पाहिला होता, ऐकला नव्हता. आणि आता गळा गेल्यावर त्यांना एवढंच हवं होतं. फार काय मागितलं? माझ्या घरात मी आणलेली पुस्तकांची फळी आहे, तिच्यावर ठेवता येईल अशी स्पीकरची छोटी जोडी आणायची मी ठरवलं. बुकशेल्फ स्पीकर म्हणतात तिला, आणि ते नावही मला फार आवडलं. पुस्तकांच्या शेजारी आबांचा आवाज बसेल, असं काहीतरी खुळं माझ्या डोक्यात होतं.

मिलिंदच्या पिकअपमधून आम्ही तिघं जालन्याला गेलो. आबा मध्ये बसले, गळ्याला नवी मलमल, डोक्याला टोपी. नवरदेव निघाल्यासारखे खुश.

दुकानदारानं आमच्यासमोर आमच्या ऐपतीतल्या दोन जोड्या ठेवल्या. एक काळी, आरशासारखी चकचकीत, पुढं निळा दिवा, उचलायला चांगली जड. दुसरी तपकिरी, मळखाऊ, ना दिवा ना नखरा. दुकानदारानं काळ्या जोडीवर लग्नातलं धडधडणारं गाणं लावलं, आवाज फुल्ल, काउंटरची काच थरथरायला लागली. "बेस बघा बेस!" मिलिंदनं एक डबा हातावर तोलला. "ताई, वजन बघ. दम हाय याच्यात. तपकिरी तर पोकळच वाटून राह्यली."

मी पेन ड्राइव्ह काढून दिला. "हे लावा. दोन्हीवर. आवाज बारीक ठेवून."

दुकानदाराचं तोंड वाकडं झालं. "ताई, जुनी रेकॉर्डिंग हाय ही. याच्यात काय कळनार?" पण लावलं. काळ्यावर आबा सुरू झाले तेव्हा एखाद्या रिकाम्या हौदात उभं राहून गात असावेत असं वाटलं. तपकिरीवर आवाज लहान आला, साधा आला, पण काउंटरच्या पलीकडून माणूस बोलतोय असा आला. एकच ओळ झाली. तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "आबा, तुमी वाजवून बघा ना. तुमच्या बोटाला कोन चुकवल?"

आबांचा चेहरा असा फुलला! ऑपरेशननंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांना काहीतरी ठरवायला सांगत होतं. त्यांनी काळं खोकं डाव्या हातानं कडेला धरलं, कान जवळ नेला, बोट वाकवलं. ठणण्. तपकिरीवर मारलं. बद्द. ओल्या लाकडावर मारावं तसं, मुकं. आबांनी हातानं खूण केली. काळं घे. हे ठेव.

"काका, मान गये!" दुकानदार म्हणाला. "असली पारख आता ऱ्हायली न्हाई. बिलकुल बराबर घेतला." दुकानात आलेली आणखी दोन माणसंही माना डोलवायला लागली. मी म्हणाले, "आबा, गाणं ऐकून घ्या ना. खोकं वाजवून काय घेता? पाणी भरायचंय का त्याच्यात?" आबा हसले, आवाज नसलेलं ते हसू, नुसते खांदे हलले. माझ्यासमोर दोन्ही खोकी पुन्हा वाजवून दाखवली. ठणण्. बद्द. ऐक, पोरी. मी पुन्हा म्हणाले, "तपकिरीवर तुमचा आवाज जवळून येतो." मिलिंद वैतागला. "ताई, सगळ्यात खोट काढायची तुझी जातच हाय. त्यांच्यासाठी घ्यायचंय ना? त्यांना ठरवू दे." आणि काळी जोडी गाडीत बसली.

आज मला त्यातलं सगळं कळतं. स्पीकरच्या खोक्याचं काम गप्प बसण्याचं असतं. आत पडदा हलतो, आवाज तो काढतो. लाकडानं स्वतः काही बोलायचं नाही. जे खोकं बोट मारल्यावर ठणाणतं, ते गाण्यातही ठणाणतं. गाणाऱ्याच्या प्रत्येक सुराला आपला एक सूर चिकटवतं. माठ वाजलाच पाहिजे आणि खोकं मुळीच वाजता कामा नये. एवढी साधी उलटी गोष्ट. पण ज्या मुलखात सगळी कडी-नाणी-मडकी वाजवूनच घेतात तिथं ती कुणाच्या डोक्यात येणार? आबांचं बोट चुकलं नव्हतं. त्यानं दोन्ही आवाज अगदी अचूक सांगितले होते.

त्या दुपारी आम्ही खोकी फळीवर लावली, कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून. तीही चूकच होती, कारण खोक्याच्या मागच्या भोकातून निघालेली हवा भिंतीवर आपटते आणि घुमते. माय स्वयंपाकघराच्या दारात बसली, हरभरे निवडत. मिलिंदनं सगळी बटणं चढवून ठेवली. निळा दिवा लागला.

आबा गायला लागले. म्हणजे, काहीतरी गायला लागलं. पेटी आणि गळा एकमेकांत कालवल्यासारखे झाले. ‘स’ आला की कानात सुई टोचायची. खालचे सूर नुसते हंबरायचे. ‘घागरीला’ म्हणताना जो आवाज खाली यायचा, शेजारी बसून बोलायचा, तिथं तर नुसतं हूं-हूं-हूं. शब्दच नाही. मागं काहीतरी धपधप वाजत होतं. मिलिंद म्हणाला, "ढोलकी बघ कशी घुमून राह्यली!" आबा दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते. त्यांनी गाणं पुरं ऐकलं. मग पाटी घेतली.

‘मी असाच गात होतो का?’

मिलिंदनं वाचलं आणि मोठ्यानं म्हणाला, "बराबर असाच, आबा! एकदम कडक!"

दारातून माय म्हणाली, "न्हाई. असे न्हवते गात."

"माय, तू गप बस ना," मिलिंद म्हणाला. "तुला आवाजातलं काय कळतं? माझा धंदा हाय हा."

मी म्हणाले, "आबा, हे खोकं बोलून राह्यलंय. तुमचा आवाज न्हाई हा." आबांनी माझ्याकडं पाहिलं. उठले, खोक्याजवळ गेले, बोट वाकवून मारलं. ठणण्. खोकं तर चांगलं होतं. त्यांनी स्वतः पारखलेलं होतं. म्हणजे खोट कशात होती, ते त्यांना कळलं. त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं.

‘मंग लोक कशाला बोलवत होते?’

मिलिंद म्हणाला, "असं काय लिहिता आबा, नाव हाय तुमचं!" आबांनी तेही पुसलं. स्पीकरचं बटण स्वतः बंद केलं आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून निजले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जालन्याला गेले, जोडी परत द्यायला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्याच वडलांनी वाजवून घेतली ना? चार मान्सांसमोर?" मी तावातावानं बोलले, त्यानं पंखा वाढवला. परत घेतली नाही. बसमध्ये खोकी मांडीवर घेऊन आले. राजूरच्या फाट्यावर गणपतीच्या चतुर्थीची गर्दी चढली, कुणीतरी म्हणालं, "वा, स्पीकर! जड असतील."

आबांनी ती गाणी पुन्हा लावली नाहीत. मोबाईलवरचीसुद्धा नाहीत. मी एकदा विषय काढला तर बोट बाजेवर भराभरा वाजलं. जयंतीला गावाकडची माणसं भेटायला आली, त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "शाहीर, तुमच्या आवाजाची सर कुनाला न्हाई." आधी अशा बोलण्यानं आबांचा ऊर भरून यायचा. त्या दिवशी ते त्याच्याकडं अशा नजरेनं पाहत राहिले, जसं कुणी आपली कीव करतंय हे माणसाला कळावं. पावसाळा लागला आणि आबा गेले. आजारानंच गेले, मी खोक्यांवर खुनाचा आळ घेत नाही. पण स्वतःबद्दल खोटी साक्ष ऐकून गेले, आणि ती खरी मानून गेले. याचा राग माझ्या मनातून जात नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

त्यानंतर कधीतरी मी पेचकस घेऊन काळं खोकं उघडलं. शवविच्छेदनच म्हणा. मागचं झाकण निघालं. आत भुशाची पातळ फळी, वरून नुसता चकचकीत कागद. सांध्यात उजेड दिसत होता. कापूस भरतात आत, तो नावालाही नव्हता. आणि तळाला डिंकानं चिकटवलेली लोखंडाची एक पट्टी. कशासाठी? वजनासाठी! आम्हांला ‘दम’ वाटावा म्हणून. ही खोकी बनवणारा जिथं कुठं असेल, त्याला आम्ही बरोबर ठाऊक होतो. हे उचलून बघतील, वाजवून बघतील, दिवा बघतील. ऐकून तेवढं बघणार नाहीत.

आता शाळेतले मास्तर लोक मला विचारतात, ताई, कुठला घेऊ? मी सांगते. दिव्याकडं पाहू नका. जाळी काढून बघा, कडांवरून नख फिरवा, सांधा कुठं उघडतो का. तार जिथं खोचतात तो चाप ओढून बघा, हातात आला तर तिथंच नमस्कार करा. दुकानदाराचं गाणं ऐकू नका. तुमच्या घरातल्या माणसाचा आवाज घेऊन जा, तुम्ही रोज ऐकता तो, आणि तो अगदी बारीक करून लावा. मोठ्या आवाजात सगळीच खोकी शूर असतात. आणि बोट मारा. पण बद्द वाजेल ते घ्या. इथं सगळे हसतात. "ताई, बद्द कशाला घ्यायचं?" मग घेतात ठणठणीतच. एकानं तर मला फोन करून सांगितलं, "तुम्ही म्हणाला तशी वाजवून घेतली, काय खणखणते!" मी फोन ठेवला. कपाळ माझं.

यंदाच्या उन्हाळ्यात माय म्हणाली, "जयंती आली. आबाचं लाव की." मी म्हणाले, "कशावर लावू? त्या खोक्यांवर?" ती म्हणाली, "त्याच्यावर नको." बस एवढंच. मग मी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून संभाजीनगरला गेले आणि दुकानांमागून दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी तेच. "मॅडम, हे जुनं आहे, नवीन लावतो." मी म्हणायचे, "माझा बाप आहे, हाच लावा." शेवटी एक जोडी सापडली. साधी, राखाडी, सांधे घट्ट, बोट मारलं तर मुकी. त्यावर आबांनी ‘घागरीला’ म्हटलं आणि मी दुकानात खुर्ची ओढून खाली बसले.

घरी आणून भिंतीपासून हातभर पुढं, स्टुलांवर मांडली. जयंतीचीच दुपार होती. मिलिंद भीमज्योतीची मशाल घेऊन निघालेल्या पोरांच्या मागं गाडी लावायला भोकरदनला आला होता, मधल्या वेळात जेवायला घरी आला. माय माठाशेजारी बसली होती. आवाज मी मुद्दामच बारीक ठेवला.

आधी पेटीच्या भात्याचा श्वास आला. मग आबांचा श्वास आला, गाण्याआधी घेतात तो. आणि मग आबा. खोलीत, आमच्यामध्ये, बाज जिथं होती तिथं. गळा थोडा खरखरीत, तालमीनं बसलेला, पण ओळ काय सरळ चालत होती! ‘पाण्याला नव्हती जात’ वर चढलं आणि ‘जात होती घागरीला’ खाली आलं, अगदी शेजारी, मला नावानं सांगितल्यासारखं. मी तोंडाला पदर लावला. आणि मागं जी धपधप होती, जिला मिलिंद ढोलकी म्हणाला होता, ती ढोलकी नव्हतीच. माय भाकरी थापत होती. थप, थप, थप, मग तव्यावर टाकल्याचा चर्र.

मिलिंद उंबऱ्यावर बसून रडायला लागला. "ताई, हे खोकं तवाच काहून न्हाई घेतलं?"

मी म्हणाले, "तवा तू वजन करून राह्यल्ता."

त्याला लागलं. लागावं म्हणूनच बोलले. पण त्यानं माझं काही हलकं झालं नाही. माय आमच्याकडं पाहतही नव्हती. तिचे डोळे राखाडी जाळीवर होते.

गाणं संपलं. मोबाईलवर आणि काळ्या खोक्यांवर इथं नुसती गुरगुर ऐकू आली होती, म्हणून आम्ही पुढं कधी ऐकलंच नव्हतं. आता स्वच्छ ऐकू आलं. आबा पेटीवरून मान वळवून विचारत होते, "कसं झालं गं?"

भाकरी थापणं चालूच. मग मायचा तरुण आवाज आला, कामाच्या घाईतला. "बरं झालं. हात धुवा, भाकर खाऊन घ्या."

नवऱ्याला तोंडावर चांगलं म्हणायची आमच्यात पद्धतच नव्हती. बाई ‘बरं’ म्हणाली म्हणजे खूप झालं. माय पुढं सरकली. स्टुलाला दोन्ही हातांनी धरलं आणि जाळीजवळ तोंड नेऊन म्हणाली, "लई चांगलं झालं हो. लई चांगलं. लोक उगीच न्हवते बोलवत."

आतून आबा हसले. "बरं तर बरं," म्हणाले. भाता ओढला आणि पुढचं गाणं सुरू केलं.